कानसेन आणि जुना इक्वलायझर

रेकॉर्ड झालेल्या गाण्याच्या आवाजावर शेवटचा हात फिरवणं हा त्याचा धंदा, म्हणून सगळे त्याला कानसेन म्हणत. अंथरूण पाहून पाय पसरायचे, तेव्हा आवाजातले चढ-उतार जुळवणारं यंत्र, इक्वलायझर, जुनंच घ्यायचं ठरलं. ते ऐकून पाहायला कानसेन बायकोला घेऊन विकणाऱ्याच्या घरी आला, तर दुसरं गिऱ्हाईक आधीच जिन्यात येऊन थांबलेलं.

कानसेननं गाणं लावलं, डोळे मिटले आणि यंत्राचं एक बटण तसूभर फिरवलं.

"बघ, आवाज कसा मोकळा झाला!"

"अहो..." बायको म्हणाली.

"मध्ये बोलू नकोस." त्यानं दुसरं बटण फिरवलं. "आता खर्ज भरला. हेच हवं!"

"अहो, ऐका तरी."

"तुला यातलं काय कळतंय?" तो खेकसला.

जिन्यात पावलं वाजली. "घेताय ना?" विकणाऱ्यानं घाई केली. कानसेनचा हात खिशाकडे गेला.

बायकोनं मुकाट्यानं टेबलाखाली बोट दाखवलं. यंत्राची वायर तिथे सुटीच लोंबत होती. गाणं यंत्रात शिरतच नव्हतं, थेट स्पीकरमधून वाजत होतं.

कानसेननं दोन्ही बटणं हळूच शून्यावर आणली. कालच एक गायिका त्यानं तयार केलेल्या गाण्यात आवाज टोचतोय म्हणत होती, तर "भास होतोय तुम्हाला" म्हणून त्यानं तिला वाटेला लावलं होतं.