पुढच्या सीटवर कोणी बसू नये

आमची गाडी घेतली तेव्हा ती सात वर्षांची होती आणि माझी धाकटी मुलगी सहा वर्षांची. त्यामुळे घरात गाडीला पहिल्या दिवसापासून थोडा मोठेपणा मिळाला.

पांढरी, उंच, सात जण बसतील अशी. कुडाळच्या एका एजंटाकडून सेकंडहँड घेतली. नवरा मुंबईला नोकरीला, तो चतुर्थीला आणि मे महिन्यात येतो. आचऱ्यात मी, सासूबाई, सासरे आणि दोन मुली. सासूबाईंचे गुडघे गेलेले, आणि माझ्या स्कूटरवर एका वेळी जेवढी माणसं बसत होती तेवढी बसवणं एका शिक्षिकेला शोभत नव्हतं. गाडी मी चालवते, कारण बाकी कोणाला येत नाही.

सासऱ्यांची अठ्ठावीस वर्षं जहाजाच्या इंजिनरूममध्ये गेली. त्यामुळे यंत्र या विषयावर घरात त्यांचाच शब्द शेवटचा. पुढची डावी सीट त्यांची. स्टिअरिंग सोडून बाकी सगळी गाडी तेच चालवत.

नवऱ्याने मुंबईत बसून त्या मॉडेलच्या मालकांचा एक व्हॉट्सॅप ग्रुप शोधून काढला. तिथे लोक आपापल्या गाडीची गाऱ्हाणी घालत आणि हा जेवणाच्या सुट्टीत ती मला पाठवत असे. "एसीचं पाणी डाव्या बाजूला पायावर पडतं का बघ." मी बघितलं. पडत होतं. सासऱ्यांनी त्याखाली बिस्किटांचा डबा ठेवला होता आणि ते मला सांगायचं राहून गेलं होतं. "मागचा दरवाजा पावसाळ्यात आतून उघडत नाही का?" उघडत नव्हता. "सीटवर सामान ठेवलं की बेल्टची शिट्टी वाजते का?" फणस ठेवला तर वाजत होती. फणसाला पट्टा लावला की थांबत होती. हे मी कळवलं, तेव्हा ग्रुपवर नागपूरच्या एका गृहस्थांनी वर केलेला अंगठा पाठवला.

खरी गोष्ट मात्र त्या ग्रुपवर आली नाही. ती एसटीने आली.

दसरा होऊन आठवडा झाला होता. रविवार. मी मागच्या पडवीत बांगडे साफ करत होते. पुढच्या अंगणात पावलं वाजली म्हणून डोकावले, तर एक सत्तरीचे गृहस्थ आले होते. इस्त्रीचा शर्ट, हातात प्लास्टिकची पिशवी. ते घराकडे न येता आधी गाडीकडे गेले, वाकून नंबर बघितला, आणि मग पायरीवर येऊन टेकले.

"तीच आहे," ते म्हणाले.

सासरे आतून बाहेर आले. "कोण तुमी? खंयसून इलात?"

"सावंतवाडीहून. ही गाडी माझी होती."

सासरे सावध झाले. "गाडी आमी घेतलंव. कागद आसत आमच्याकडे."

"कागद माझ्याकडेही एक आहे," असं म्हणून त्यांनी पिशवीतून एक पाकीट काढलं.

ते कंपनीचं पत्र होतं. गाडी आमच्या नावावर झाली होती, पण कंपनीच्या वहीत मालक अजून तेच होते, म्हणून पत्र त्यांना गेलं. त्यांनी एजंटाला फोन केला. एजंट म्हणाला, काका, टेन्शन घेऊ नका, अशी पत्रं येतातच. आमचा पत्ता काही त्याने दिला नाही. पण गाडी आचऱ्याला गेली, एवढं त्याच्या तोंडून निसटलं होतं. दोन आठवडे त्या गृहस्थांना जेवण गोड लागेना. शेवटी त्या सकाळी उठून ते मालवणच्या एसटीत बसले, तिथून आचऱ्याला आले आणि तिठ्यावर नंबर सांगून चौकशी केली. तिसऱ्याच माणसाने आमचं घर दाखवलं. वर असंही सांगितलं, की ती गाडी चालवणारी बाई हॉर्न फार वाजवते.

पत्रात लिहिलं होतं की आमच्या गाडीच्या एअरबॅगमध्ये दोष आहे. अपघातात ती पिशवी फुगवायला आत धातूचा एक लहान डबा असतो. दमट, गरम हवेत गाडी वर्षानुवर्षं राहिली की त्यातलं रसायन बिघडतं, मग पिशवी फुगताना डबाच फुटू शकतो, आणि त्याचे तुकडे समोरच्या माणसाच्या अंगात घुसतात. भाग फुकट बदलून मिळेल. तोवर पुढच्या सीटवर कोणी बसू नये.

"दमट हवेत म्हणजे खंय?" सासऱ्यांनी विचारलं.

"समुद्राजवळ," ते गृहस्थ म्हणाले.

सासऱ्यांनी माडांकडे बघितलं. त्यामागे समुद्रच होता.

मी हेल्पलाइनला फोन लावला. तिथली मुलगी फार नम्र होती. म्हणाली, नोंदणी करते, मॅडम, फक्त मालकांच्या मोबाइलवर ओटीपी येईल तो सांगा. मालकांचा मोबाइल सावंतवाडीला चार्जिंगला लावलेला होता. मग त्याच मोबाइलवर त्यांच्या पत्नीला फोन केला. त्यांनी आधी विचारलं, बस नीट मिळाली का, बसायला जागा होती का, आणि मग म्हणाल्या, फोन कानाला असताना त्यातला मेसेज वाचायचा कसा? फोन ठेवून मेसेज शोधेपर्यंत ओटीपीची मुदत संपली. दुसऱ्यांदाही संपली. तिसऱ्यांदा जमलं. तोवर दीड वाजला होता आणि ते गृहस्थ आमच्याकडे बांगड्याचं तिखलं जेवत होते. भाग आला की कळवू, असं हेल्पलाइनने सांगितलं. चारच्या एसटीला मी त्यांना तिठ्यापर्यंत चालत सोडलं. गाडी होती, पण त्यांनी नको म्हटलं.

खरं भांडण बुधवारी झालं. सासऱ्यांचे डोळे तपासायला मालवणला जायचं होतं. मी अर्ध्या दिवसाची रजा काढली होती. सासूबाईंना आम्ही आधीच मधल्या सीटवर चढवलं होतं, ते दोन माणसांचं काम. आणि सासरे पुढे जाऊन बसले.

"बाबा, मागे बसा."

"मी अठ्ठावीस वर्षां बॉयलराच्या बाजूक उभो रवलंय. आता ह्या फुग्याक भियातलंय?"

"मग मी गाडी काढत नाही."

"नको काढू."

मी चावी घेऊन पायरीवर बसले. ते सीटवर बसले. पट्टाही लावला. सासूबाई मध्ये बसल्या होत्या. त्यांना कोणी काही विचारलं नाही. अर्धा तास गेला. शेजारीण अंगणातून दोनदा जाऊन आली.

सासऱ्यांना करायला काही नव्हतं. समोरच्या खणात मी ते पत्र ठेवलं होतं. त्यांनी चष्मा लावला आणि ते वाचायला घेतलं. जहाजावर कागद जसा वाचत असतील तसं, ओळीखाली बोट धरून. पहिलं पान झालं. मग त्यांनी पान उलटलं. ते उलटायचं असतं, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

"गो, हय ये."

मी गेले. मागच्या पानावर बारीक अक्षरात एक तक्ता होता. कोणत्या चॅसी नंबरच्या गाडीत दोष कुठे आहे, त्याचा. आमच्या नंबरापुढे डावी आणि उजवी दोन्ही बाजू लिहिल्या होत्या, आणि खाली एक ओळ: अशी गाडी चालवू नये.

"तुझ्या चाकात पण तांच आसा," सासरे म्हणाले. स्टिअरिंगकडे बोट दाखवून पुन्हा म्हणाले, "थंय तू बसतंस."

त्यांनी पट्टा काढला, खाली उतरले आणि माझ्यापुढे हात केला. मी चावी दिली. त्यांनी ती शर्टाच्या खिशात टाकली.

"आणि डोळे?"

"डोळे खंय जातत नाय."

आतून सासूबाई म्हणाल्या, "आता माका कोण उतरवतलो काय?"

रविवारपासून बुधवारपर्यंत मी रोज त्याच गाडीने शाळेत गेले होते. मुलींना मधल्या सीटवर बसवून, आपण पत्राप्रमाणे वागतोय अशा समाधानात. वर्गात मी मुलांना सांगत असते, प्रश्नपत्रिका मागूनही छापलेली असते, उलटून बघा. त्या दुपारी मी सासऱ्यांच्या पानात भातावर पुन्हा भातच वाढला. त्यांनी आमटी स्वतः वाढून घेतली, आणि ती गोष्ट आमच्या घरात तोवर झालेली नव्हती.

मग सहा आठवडे गाडी अंगणात उभी. आम्ही रिक्षा आणि एसटी. सासरे दर सोमवारी दहा वाजता कुडाळच्या सर्व्हिस सेंटरला फोन करत, शुद्ध मराठीत. "नमस्कार. मी गाडीच्या मालकिणीचा सासरा बोलतोय. भाग आला का?" चौथ्या सोमवारपासून तिकडचा माणूसच नमस्काराआधी "नाही आला, आजोबा" म्हणू लागला.

भाग आला तेव्हा कंपनीने गाडी न्यायला ट्रक पाठवला. त्यावर चढवून ती गावातून निघाली आणि तासाभरात तीन घरची माणसं आमच्याकडे विचारपूस करायला आली. कोणाला किती लागलं, हा प्रश्न. एकीने शहाळी आणली होती. कोणाला काही लागलेलं नाही, हे ऐकल्यावरही ती शहाळी ठेवूनच गेली.

कुडाळला मी आणि सासरे एसटीने गेलो. सावंतवाडीचे गृहस्थ सहीसाठी आले होते, या वेळी मोबाइल गळ्यात अडकवून. काम दीड तासात झालं. सासऱ्यांनी काढलेला जुना भाग बघायला मागितला. मेकॅनिकने ट्रेमध्ये दोन डबे आणून दाखवले, पण हात लावू दिला नाही. त्यांनी खाली वाकून बराच वेळ बघितलं.

"भायेरसून काय एक दिसना नाय," ते शेवटी म्हणाले.

"म्हणूनच बदलतात, आजोबा."

सासऱ्यांनी मान हलवली.

परतताना आम्ही उलट दिशेने जाऊन त्या गृहस्थांना सावंतवाडीला घरी सोडलं. ते पुढे बसायला तयार नव्हते. सासऱ्यांनी त्यांना दंडाला धरून पुढे बसवलं आणि स्वतः मागे बसले. तळ्याच्या पलीकडे गल्लीत घर. त्यांच्या पत्नी बाहेर आल्या आणि गाडीकडे बघत उभ्या राहिल्या. चहा झाला. मी त्यांना म्हटलं, काकी, सात वर्षं तुम्ही त्या सीटवर बसलात, पत्र वाचून किती भीती वाटली असेल.

"छे गो," त्या म्हणाल्या. "सात वर्षं ह्यांचं गाडी चालवणं बघून भिले, ती भीती वेगळी. पिशवीचं काय, ती एकदाच फुटली असती."

ते गृहस्थ बशीतला चहा पीत राहिले. सासऱ्यांनी त्यांच्याकडे बघून आणखी एक खारी घेतली.