नोएलकाकांचा ट्रक आणि माझी नववी माळ

हा किस्सा मी आपणहून कधीच सांगितला नसता. पण नोएलकाकांनी तो कोकरांच्या बाजारात सगळ्यांना सांगितलाय, आता तो इथे आयर्लंडात, गॉलवेभर फिरणारच. मग तुम्ही तरी माझ्या तोंडून ऐका. चहा घ्या आणि हसायचं ते शेवटी हसा.

नोएलकाका आमचे शेजारी. सत्तरीला टेकलेले, एकटे. मी पहिल्या दिवसापासून त्यांना काका म्हणते. त्यांची समजूत अशी की काका हे आम्ही त्यांना दिलेलं आडनाव आहे. गावाबाहेर त्यांचं कुरण आहे, त्यात मेंढ्या. कुरणाकडे जाणारी वाट इतकी दगडधोंड्यांची की मागे ट्रेलर जोडला की त्यांच्या पिकअप ट्रकचं पोट खाली घासायचं. सोमवारी कोकरांचा बाजार होता आणि तो चुकला तर पुढचा थेट पंधरा दिवसांनी. तोवर कुरणात गवत पुरणार नव्हतं. म्हणून ठरलं की शनिवार-रविवारी ट्रक अडीच इंच उंच करायचा, तोही आमच्या दारात.

आमचे हे कंपनीत हृदयात घालायच्या नळ्या बनवतात, केसाच्या जाडीच्या हिशेबाने. त्यांना हातोडा मारायला मिळणार म्हणून हे आठवडाभर हवेत होते. शनिवारी सकाळी दोघांनी ट्रक लोखंडी स्टँडच्या घोड्यांवर चढवला, चाकं काढली. जुन्या चादरीवर सगळं ओळीने मांडलं. स्प्रिंगच्या डोक्यावर बसवायच्या जाड चकत्या, मागचे ठोकळे, लांबलचक बोल्ट, पाने. प्रत्येकाला कागदाची पट्टी चिकटवून यांनी जागा लिहिली होती, पुढचा डावा, पुढचा उजवा. मग एक पाना कमी पडला म्हणून दोघं दुकानात गेले.

आणि मी बाहेर आले.

आता माझी बाजूही ऐका. नवरात्र चालू होतं. घटावर नववी माळ त्याच सकाळी चढवली होती, म्हणजे खंडेनवमी. माझ्या वडिलांचं साताऱ्याला लेथचं वर्कशॉप होतं. खंडेनवमीला सगळी यंत्रं पुसून, हळदकुंकू लावून गप्प बसायची. त्या दिवशी वडीलसुद्धा हळू आवाजात बोलायचे. आयर्लंडला आल्यापासून मी दरवर्षी कशाची पूजा करते? विळी, कात्री आणि यांचा लॅपटॉप. आणि इथे दारात चादरभर खरंखुरं लोखंड. मला भरून आलं हो.

मी सगळं घरात नेलं. पट्ट्या सोलून काढल्या, देवासमोर काय स्टिकर ठेवायचे? चिंच आणि मीठ लावून एकेक बोल्ट घासला. काही बोल्टांच्या आट्यांवर निळं काहीतरी वाळलेलं होतं, ते जाईना. तारेच्या घासणीने घालवलं. मग चौरंगावर उंचीप्रमाणे रचले, हळदकुंकू, अक्षता, प्रत्येकावर एक शेवंती. इतकी सुंदर पूजा माझ्या हातून कधी झाली नव्हती.

हे आले ते थेट चादरीपाशी. मग खिडकीतून आत डोकावले.

"अगं, सामान कुठे गेलं?"

"देवापुढे आहे. आज खंडेनवमी."

"बरं. नमस्कार करतो आणि उचलतो."

"आज नाही हं उचलायचं. पूजेत मांडलेल्या हत्यारांना आजचा दिवस विश्रांती."

"अगं, ट्रक घोड्यांवर टांगलाय. परवा त्यांची कोकरं जायचीत."

खरं सांगू? हे अजून एकदा म्हणाले असते तर मी देवीची क्षमा मागून दिलं असतं उचलून. तोंडातून शब्द निघायचाच बाकी होता. पण मागे नोएलकाका उभे होते, आणि यांनी त्यांना सगळं इंग्रजीत सांगितलं. त्यांनी टोपी काढली, चौरंगाकडे बघितलं आणि छातीवर क्रूस केला.

"माझी आई ट्रॅक्टरवर पवित्र पाणी शिंपडल्याशिवाय कुणाला हात लावू द्यायची नाही," ते म्हणाले. "देवापुढचं मी काढणार नाही, मिसेस. उद्या चर्चमधला मास झाल्यावर बघू. ग्रँड."

इथे ग्रँड म्हणजे सगळं ठीक. ग्रँड कसलं? फाटकाशी उभं राहून ते भावाला फोनवर सांगत होते, की सोमवारचं काही खरं नाही, जमलं तर पंधरा दिवस तुझ्याकडे थोडं गवत आहे का बघ. आवाजात तक्रार नावाला नाही. म्हणूनच जास्त लागलं.

संध्याकाळी पाचला सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला. मी पूजा दाखवली.

"छान मांडलीस गं. पण आजच का?"

"नवमी ना आई. नऊ माळा झाल्या."

"अगं, यंदा तृतीया दोन दिवस होती. माळा दहा. आज अष्टमी."

मी बोटांवर माळा मोजल्या. बाजूला हे उपासाची भगर खात होते, त्यांचा चमचा थांबला. "आई, म्हणजे आज काम केलेलं चाललं असतं?"

"आज काय, हवं ते करा. उद्या मात्र पान्याला हात लावू नका रे बाबांनो."

मी पदर खोचून नोएलकाकांचं दार वाजवलं आणि जमिनीकडे बघत कबुली दिली. ते म्हणाले, "म्हणजे आज चालतं आणि उद्या नाही?" मी मान हलवली. त्यांनी आभाळाकडे बघितलं. दोन तास उजेड होता. मी चौरंग रिकामा करून दिला आणि तिघं धावलो.

तेव्हा कळलं की पट्ट्या नसल्यामुळे कुठला बोल्ट कुठला ते कुणालाच कळत नाही. आणि ते निळं म्हणजे बोल्ट ढिला होऊ नये म्हणून कारखान्यात लावलेला गोंद होता. हे नुसते एकेका चकचकीत बोल्टाकडे बघत राहिले. जुळवाजुळव संपली तेव्हा सूर्यही संपला होता. नोएलकाका म्हणाले, गोंदाची बाटली माझ्याकडे आहे, काळजी करू नका.

रविवारी, म्हणजे खऱ्या खंडेनवमीला, मासवरून ते परतले, बाटली यांच्या हातात दिली आणि हात मागे बांधून उभे राहिले.

"काका, सुरू करा," मी म्हटलं.

"आज चालत नाही. तुमच्या सासूबाईंनी सांगितलंय."

"चूक माझी आहे. देवी मला विचारेल, तुम्हाला नाही."

"काल तुम्हीच म्हणालात, हत्यारांना विश्रांती."

"काल मी चुकीचं म्हणत होते."

"आणि आज?"

बघा, काय वेळ आली. आयुष्यभर एक व्रत मोडलं नाही, आणि मी ऐन नवमीला एका म्हाताऱ्या कॅथलिक माणसाला नियम मोडायची गळ घालतेय, आणि तो ऐकत नाहीये. शेवटी म्हणाले, "पहिला बोल्ट तुम्ही लावा. मग तो दोष तुमचा, बाकी काम आमचं."

देवीला हात जोडले. कोकरं उपाशी राहायला नकोत, एवढंच म्हटलं. नवमीची रेशमी साडी गुडघ्यापर्यंत गुंडाळून ट्रकखाली सरकले आणि पाना फिरवला. पहिला लावला, मग त्यांनी दुसरा धरायला सांगितलं, मग तिसरा. चार वाजता ट्रक चाकांवर उतरला तेव्हा माझे हात कोपरापर्यंत काळे होते.

सोमवारी कोकरं वेळेवर बाजारात पोचली, हे आधीच सांगून टाकते. कारण रविवार अजून संपलेला नाही.

साबण लावला, बेसन लावलं, ग्रीस जाता जाईना. तेवढ्यात सासूबाईंचा फोन, नवमीची आरती बघायला. मी हुशारी केली. फोन यांच्या हातात दिला, म्हटलं फक्त देवी दाखवा. त्याच हातांनी ताट ओवाळलं, आरती झाली.

सासूबाईंनी डोळे पुसले. मग हळूच म्हणाल्या, "सगळं छान झालं गं. पण आरतीला मेकॅनिक कशाला बोलावलात?"

मी ताट खाली ठेवलं. म्हटलं, "शिकाऊ आहे आई. आजपासूनच लागलाय."