बाटलीतले बुडबुडे

आईच्या फुप्फुसाचा कॅन्सर झालेला भाग काढला, तेव्हा हवा गळू नये म्हणून डॉक्टरांनी टाक्यांवर औषधी गोंदाचा थर दिला होता. तरी थोडी गळतच होती. तिच्या छातीतली नळी खाटेखालच्या पाण्याच्या बाटलीत सोडलेली होती. ती खोकली की पाण्यात बुडबुडे यायचे. ते थांबल्याशिवाय नळी निघणार नव्हती आणि आम्हाला मखमलाबादला घरी जाता येणार नव्हतं. खुर्चीत बसून त्या बाटलीकडे बघून बघून मी थकले होते.

एका सकाळी बाटली शांत दिसली. मला हायसं वाटलं. पण डॉक्टरांनी छाती तपासून विचारलं, "मावशी, खोकत का नाही?"

आई म्हणाली, "खोकलं की बुडबुडं येत्यात. पोरगी लय दमली हाय, तिला घरी जाऊ द्या."

"खोकला दाबलात तर कफ साचेल. फुप्फुस फुललं तरच ही गळती बंद होईल. येऊ द्या बुडबुडे."

खोकताना टाक्यांना आधार म्हणून मी तिच्या छातीशी उशी दाबून धरली. ती खोकली, कळवळली. बाटलीतलं पाणी खदखदलं. मला रडायचंही त्राण नव्हतं.

पुढे गळती हळूहळू थांबली, नळी निघाली. रिक्षात आई मळ्यातल्या झेंडूचं काहीतरी विचारत होती. उत्तर देता देता मी तिच्या खांद्यावर झोपून गेले, ऑपरेशन न झालेल्या बाजूच्या.