ज्या रक्तावर ती वाढली

माझी लेक सातव्या महिन्यातच जन्माला आली आणि माझी प्रार्थनाच आटली. दर गुरुवारी न चुकता दत्ताला जाणारी मी, पण आता हात जोडले तरी शब्द सुचत नसे. वारज्याच्या घरून दूध काढून न्यायचं, हॉस्पिटलात तिच्या काचेच्या पेटीपाशी बसायचं आणि परत यायचं, एवढंच उरलं होतं. देव आहे की नाही, हा प्रश्न विचारण्याचंही त्राण नव्हतं.

एका सकाळी तिचा रंग फिका वाटला. तळपायाला लावलेलं यंत्र रक्तातला प्राणवायू व्यवस्थित दाखवत होतं. पण कपाळावर एक बारीक पट्टी होती, ती मेंदूपर्यंत किती पोचतोय ते सांगायची, आणि तो आकडा उतरत चालला होता. मधेच ती श्वास घ्यायचंच विसरे. मग नर्स तळव्याला हलकेच टिचकी मारी आणि ती पुन्हा श्वास घेई. मी एकेक श्वास मोजत बसे.

"रक्त फार कमी झालंय तिचं. द्यावं लागेल," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"माझं घ्या ना."

"तुमचा गट वेगळा आहे. आणि तुमच्याच अंगात आत्ता कुठे उरलंय?"

ज्या रक्तावर ती इतके महिने वाढली, तेच आता तिला चालत नव्हतं. मला रडू कोसळलं. बाई शेजारी बसल्या आणि शांतपणे सांगू लागल्या, "पोटातल्या बाळाचं रक्त निराळं असतं. प्राणवायू घट्ट धरून ठेवणारं. म्हणून तर ते तुमच्या रक्तातून तो ओढून घेऊ शकतं. बाहेर आल्यावर मात्र तीच पकड थोडी आड येते, शरीराला तो सहज मिळत नाही. पुऱ्या दिवसांच्या बाळाचं त्याने काही अडत नाही. पण हिच्याकडे मुळात रक्तच थोडं."

मी थक्क होऊन ऐकत राहिले. ज्या काळात मी भाजी निवडत होते, वर्गात मुलांना गणितं शिकवत होते, तेव्हा माझ्या आत दोन रक्तांची ही देवघेव अखंड चालली होती. एकाने सोडायचं, दुसऱ्याने धरायचं. मला पत्ताही नव्हता. कोणी शिकवलं त्या थेंबांना? अंगावर काटा आला आणि कितीतरी दिवसांनी मनातून आपोआप शब्द उमटले, 'महाराज, तेव्हाही मी काही करत नव्हते. आताही तुम्हीच बघा.'

तिकडे रक्तपेढीत तिच्या दुर्मीळ गटाच्या रक्ताची पिशवी शिल्लक नव्हती. माझा नवरा दाराशी उभा राहून रडवेल्या आवाजात एकामागून एक फोन लावत होता. तेवढ्यात भाजीची पिशवी घेतलेले एक पन्नाशीचे गृहस्थ बाहेर पडले. बहिणीसाठी रक्त द्यायला आले होते, पण तिचं ऑपरेशन पुढे ढकललं गेलं होतं. फोनवरचं बोलणं कानावर पडलं तसे ते थांबले.

"अहो, रडून काय गट बदलणारे का? माझा तोच आहे. ही पिशवी धरा, मेथी चुरगळू देऊ नका."

आणि ते आत गेले. सगळ्या तपासण्या होऊन संध्याकाळी ते रक्त आलं. बारीक नळीतून अगदी सावकाश तिच्या अंगात उतरू लागलं. मी काचेवर हात ठेवून बसले होते. आधी तिचे ओठ गुलाबी झाले, मग कानाच्या पाळ्या. कपाळावरच्या पट्टीचा आकडा हळूहळू वर चढला. बाई माझ्याकडे बघून हसल्या.

त्या गृहस्थांचं नाव विचारायचं भान नवऱ्याला राहिलं नाही. ते आपली मेथी घेऊन शनिवार पेठेत निघून गेले, एवढंच कळलं. हा योगायोग म्हणावा की कृपा, याचा वाद मी कुणाशी घालत नाही. गुरुवारी देवळात त्यांचं स्मरण मात्र आधी करते.

काही दिवसांनी लेकीला पहिल्यांदा माझ्या छातीशी दिलं, उघड्या अंगाला उघडं अंग. चिमणीएवढा जीव तो! तिचा श्वास माझ्या गळ्यापाशी लागत होता. तो मी मोजला नाही. डोळे मिटले आणि बसून राहिले.