जांभळ्यावर पिवळा
निवृत्तीनंतर मी गोधडी शिवायला घेतली आणि रंगांपाशीच अडले. नवी पेठेतल्या शिंप्याकडून आणलेले कापडाचे तुकडे महिनाभर जमिनीवर मांडत होते, मोडत होते. मनासारखं जुळेना आणि राग निघायचा घरच्यांवर.

एका सकाळी दारात भाजीची गाडी आली. वांग्यांच्या ढिगावर लिंबं सांडली होती. असा कसा पसारा केलास म्हणून मी भाजीवालीवर ओरडणार, तोच थबकले. जांभळ्यावर तो पिवळा काय उठून दिसत होता! भाजी न घेताच आत पळाले. मग रोजच गाडीपाशी उभी राहू लागले. कधी गाजराशेजारी मेथी दिसे, कधी टोमॅटोत मुळा. भाजीवाली वैतागायची, "बाई, घेनार हाय का नुसतं बघनार?"

गोधडी पुरी झाली तेव्हा गच्चीच्या कठड्यावर उन्हात टाकली. शेजारचे आजोबा वर आले. त्यांचा जन्म मागावर चादरी विणण्यात गेलेला. कुठलंही कापड ते आधी उलटून बघतात आणि खोट काढतात. माझ्या मुलीच्या लग्नातला शालूही त्यातून सुटला नव्हता.

त्यांनी गोधडी उलटली, टाके बोटांनी चाचपले. मी भांडायच्या तयारीतच होते. पण त्यांनी गोधडी पुन्हा सुलटी केली आणि ते बघत राहिले.

"कुठल्या दुकानातनं आणलीसा?"

"दुकानातून नाही," मी मान ताठ करून म्हणाले, "भाजीच्या गाडीवरून."