फरशीवरचं सारवण

माझ्याबरोबर बाहेर जेवायला जायचं म्हटलं की माझे यजमान आधीच सुस्कारा सोडतात. लोक हॉटेलात शिरले की भावाची पाटी वाचतात, मी टेबल पुसणाऱ्याच्या हातातलं फडकं बघते. त्याच फडक्यानं टेबल, त्यानंच खुर्ची आणि जाता जाता त्यानंच कपाळाचा घाम, असं दिसलं की मी उठलेच. पुसदच्या एका हॉटेलातून तर आम्ही पाण्याचे ग्लास समोर आल्यावर उठून आलो, कारण आणणाऱ्याची सगळी बोटं ग्लासांच्या आत बुडालेली होती. यजमान म्हणतात, तुझ्यापायी मी या जिल्ह्यात बाहेर कुठं पोटभर जेवलो नाही. मी म्हणते, स्वतःचं भोजनालय असताना माणसाला बाहेर जेवायची हौस कशाला हवी?

भोजनालय आमचं महागावात, जुन्या रस्त्याला लागून. ते सुरू केलं माझ्या सासूबाईंनी. त्यांना मी आत्याबाई म्हणते. कापूस आणि सोयाबीन घेऊन बाजारात येणाऱ्या लोकांसाठी त्या टिनाच्या शेडखाली झुणका-भाकर आणि वांग्याची भाजी करायच्या. खाली मातीची जमीन. रोज सकाळी ती शेणानं सारवायची, त्यावर रांगोळीच्या चार रेघा ओढायच्या आणि मगच चूल पेटवायची, हा त्यांचा नेम. न सारवलेल्या जागेत शिजवलेलं अन्न दुसऱ्याच्या ताटात वाढणं हा त्यांना अपमान वाटायचा, वाढणाऱ्याचाही आणि खाणाऱ्याचाही. पुढे शेड जाऊन पक्की खोली झाली, चुलीच्या जागी गॅसच्या भट्ट्या आल्या, आणि माझ्या हट्टानं खाली पांढरी फरशी बसली. मग त्यांचं सारवण घरच्या अंगणापुरतं राहिलं. फरशीशी मात्र त्यांचं कधी जमलं नाही. कितीही पुसली तरी ती त्यांना उघडी वाटायची.

मग रस्ता चौपदरी झाला आणि उमरखेडकडे जाणाऱ्या गाड्या गावाबाहेरूनच निघून जायला लागल्या. बाजाराचा दिवस सोडला तर आमच्या खुर्च्या रिकाम्या. जेवायला बसलो की भोजनालय बंद करण्याचा विषय निघायचा, आणि आत्याबाई तेवढ्यात पाणी आणायला उठायच्या. अशातच मागच्या गल्लीत कॉलेजच्या मुलींचं एक वसतिगृह सुरू झालं. तिथं स्वयंपाकघर नव्हतं, मुलींचं सकाळचं जेवण बाहेरून घ्यायचं ठरलं होतं. तिथल्या रेक्टरबाई म्हणजे निवृत्त शिक्षिका. कडक इस्त्रीची सुती साडी, हळू आवाज, आणि समोरच्याला आपली नखं लपवावीशी वाटतील अशी नजर. त्यांचा निरोप आला की रविवारी सकाळी येऊन त्या आमचं स्वयंपाकघर बघतील, पटलं तर जेवण आमचं. हे काम मिळालं तर भोजनालय चालणार होतं, नाही तर शटर कायमचं खाली येणार होतं. आम्हा तिघांनाही ते कळत होतं.

मला तर उलट आनंदच झाला होता. आयुष्यभर दुसऱ्यांची स्वयंपाकघरं नापास करत आले, आता माझ्या परीक्षेचा दिवस आला होता आणि माझी तयारी पक्की होती. शनिवारी दुपारनंतर भोजनालय बंद ठेवलं आणि आम्ही कामाला लागलो. धूर खेचणारा पंखा उतरवला. त्याच्या पात्यांवर तेलाची अशी साय बसली होती की मूळ रंग कोणता हे यजमानांनाही आठवेना. उकळत्या पाण्यात धुण्याचा सोडा टाकून पाती भिजत घातली, तेव्हा कुठं त्या सायीनं जागा सोडली. फ्रिजच्या दाराच्या रबरात बोट घातलं तर कोथिंबीर निघाली, ती कोणत्या हंगामातली हे मी विचारलं नाही. पिठाचे डबे रिकामे करून उन्हात घातले. भट्टीमागची भिंत घासली. टेबलं पुसायला मी यजमानांची एक जुनी लुंगी फाडली, आणि ती जुनी नव्हती असं ते अजून म्हणतात.

सगळ्यात जास्त घाम काढला तो टेबलांच्या खालच्या बाजूनं. आमच्या यवतमाळच्या माणसाला जेवण झाल्यावर खर्रा लागतो. खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला ऐवज. तो तोंडात गेला की चुन्याचं बोट पुसायला हात आपोआप टेबलाखाली जातो. वर्षानुवर्षांचा तो चुना वाळून दगड झाला होता. टेबलं उलटी करून मी आणि आत्याबाई सुरीनं खरवडत बसलो. यजमान लांबून सूचना देत होते. त्यातली अर्धी बोटं तुमचीच आहेत, असं मी म्हटल्यावर ते निमूटपणे नाली साफ करायला गेले. एरवी नालीचं नाव काढलं की त्यांना बाजारातलं काहीतरी तातडीचं काम आठवतं.

संध्याकाळी सगळी खोली साबणाच्या पाण्यानं धुतली, साध्या पाण्यानं काढली, शेवटी ब्लीचिंग पावडरचं पाणी फिरवलं. फरशी इतकी लख्ख झाली की मी दारात उभी राहून नुसती बघत राहिले. आत्याबाईही बघत होत्या. त्या काहीच बोलल्या नाहीत, आणि ते कौतुकच आहे असं मी धरून चालले.

रविवारी सकाळी रेक्टरबाईंना आणायला मी स्वतः वसतिगृहावर गेले. यजमान दही आणायला गेले होते. आत्याबाई म्हणाल्या, तू जाय, मी हाये इथं. वाटेत मी रेक्टरबाईंना आमच्या स्वच्छतेबद्दल इतकं सांगितलं की त्यांना एकदाही तोंड उघडायला मिळालं नाही. भोजनालयात शिरलो, टेबलं ओलांडली, आणि मी मोठ्या ऐटीत स्वयंपाकघराचं दार उघडलं.

माझी पांढरी फरशी दिसतच नव्हती. भिंतीपासून भिंतीपर्यंत ताजं, ओलं, हिरवट शेण सारवलेलं होतं, हाताच्या एकसारख्या अर्धगोल फेऱ्यांनी. उंबऱ्यापाशी रांगोळीच्या चार रेघा. कोपऱ्यात आत्याबाई कोपरापर्यंत भरलेले हात घेऊन उभ्या होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मी कितीतरी महिन्यांनी तसं समाधान पाहत होते.

"जपून या बाई, ओलं हाये," त्या रेक्टरबाईंना म्हणाल्या. "सकाळीच ताजं आनलं गाईचं. पाहुनी येऊन राह्यली अन् भुई उघडी कशी ठेवाची?"

मला काही सुचायच्या आत मागच्या दारानं यजमान दह्याची बरणी घेऊन आत आले. शेण मातीत मुरतं, फरशीवर ते नुसतं पसरतं. त्यांचा पाय त्यावर पडला आणि ते उभेच्या उभे, अगदी देखणेपणानं, थेट फ्रिजपर्यंत घसरत गेले. दही सांडलं नाही. ते स्वतःही पडले नाहीत. पण फ्रिजला धरून त्यांनी पहिलं वाक्य काय बोलावं, तर हे कोणी केलं. मग माझाही तोल गेला. मी म्हटलं, तुम्ही इथं थांबला असता तर हे झालं नसतं. ते म्हणाले, दही तूच आणायला सांगितलं होतं. मी म्हटलं, दही आणायला काय गावभर फिरावं लागतं का? त्यावर ते पुन्हा काही म्हणाले. आम्ही दोघं परक्या बाईंसमोर, शेणाच्या दोन काठांवर उभं राहून, चूक कोणाची हे ठरवत बसलो. डोक्यात सारखं एकच फिरत होतं की गेलं, हातातलं काम गेलं, आता शटर ओढायचं.

रेक्टरबाई आमच्याकडे बघतही नव्हत्या. उंबऱ्याबाहेर उभ्या राहून त्या आत्याबाईंशी बोलायला लागल्या, तशाच हळू आवाजात. "आजी, मातीची जमीन असती तर मी तुमच्या हाताचं कौतुक केलं असतं. फरशीवर हे धरत नाही. वाळलं की त्याची धूळ होते, धूळ पंख्यानं उडते आणि भातात पडते. त्यातून पोट बिघडतं. उद्या एखादी पोरगी आजारी पडली, तर तिच्या आईला मी काय सांगू?"

आत्याबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी आपल्या हातांकडे पाहिलं, मग सारवणाकडे. मला वाटलं त्या आता घरी निघून जातील आणि पुन्हा इथं पाय ठेवणार नाहीत. माझा राग तिथल्या तिथं विरला, आणि त्यांच्यासाठी फार वाईट वाटलं. त्यांच्याजवळ होता तेवढा सगळा मान त्यांनी त्या फरशीवर पसरला होता.

त्या म्हणाल्या, "पोरीची माय विचारन, हे खरं हाये. धुतो मी."

मी खराटा घ्यायला पुढे झाले, तर त्यांनी तो माझ्या हातातून काढून घेतला. आधी सगळं ओढून घमेल्यात भरलं आणि बाहेर नेलं. मग पाणी ओतायला सुरुवात केली. रेक्टरबाई खुर्ची ओढून दारात बसल्या. आत्याबाई एकेक विचारत होत्या. गरम पाणी कायले? साबण आधी का मंग? ब्लीचिंगचं पानी किती येळ राहू द्याचं? हे सगळं मी त्यांना कित्येकदा ऐकवलं होतं, पण एकदाही त्यांनी मला विचारलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मीही कधी कारण सांगायला थांबले नव्हते. रेक्टरबाई प्रत्येकाचं कारण सांगत होत्या. कारण पटलं की आत्याबाई मान हलवून ते करायच्या आणि पुढचं विचारायच्या. शेवटी त्यांनी मला चिमटा काढायला मिळालेली संधीही सोडली नाही. भट्टीखाली खराटा घालून त्यांनी कालचा एक बटाट्याचा काप बाहेर काढला आणि तो माझ्या पायापाशी ठेवला.

रेक्टरबाई उठल्या. पंख्याच्या पात्यावर बोट फिरवलं, टेबलाखालून हात फिरवला, नालीपाशी वाकून पाहिलं. मग म्हणाल्या, एक महिना जेवण देऊन बघू, नंतर पुढचं ठरवू. मी आभार मानायला तोंड उघडलं तर त्यांनी हातानं थांबवलं. म्हणाल्या, एक अट आहे. स्वच्छता आजी बघतील. तुम्ही दोघं चूक कोणाची हे फार वेळ शोधता.

यजमानांना हसू आवरेना. मला राग यायला हवा होता, पण जीव असा भांड्यात पडला होता की मीही हसले.

त्या दिवसापासून माझ्या स्वयंपाकघरात माझी सत्ता राहिली नाही. आत्याबाई पहाटेच येऊन दारात बसायच्या. पोळ्या लाटायला येणाऱ्या तांड्यावरच्या बाईची नखं आधी बघायच्या आणि मग माझी. केसांना फडकं बांधल्याशिवाय आत जायचं नाही, चप्पल आत आणायची नाही, आतल्या पायताणांचा वेगळा जोड. यजमानांना तर खर्रा खाल्ल्यावर हात धुऊन तो आत्याबाईंच्या नाकाशी धरावा लागायचा. फडक्यांचे त्यांनी रंग ठरवले, भांड्यांचं वेगळं, टेबलाचं वेगळं, आणि एकदा मी घाईत चुकीचं उचललं तर जेवायला आलेल्या मुलींसमोर, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मला नावं ठेवली. मुली तोंडावर हात धरून हसल्या. त्याही त्यांना भ्यायच्या, पण वाढपात आजी दिसल्या नाहीत तर आत येऊन शोधायच्या.

महिना संपत आला तसा माझा जीव पुन्हा वरखाली व्हायला लागला. रेक्टरबाई काहीच कळवत नव्हत्या. आणि मग एका सकाळी, ऐन पोळ्यांच्या घाईत, त्या न सांगता आल्या. कोणाकडे न बघता टेबलांमधून चालत थेट स्वयंपाकघराच्या दाराशी गेल्या आणि त्यांनी एक पाऊल आत टाकलं.

आत्याबाईंनी हात आडवा केला. म्हणाल्या, चप्पल बाहेर काढा, डोक्शावर पदर घ्या, मंग या.

माझ्या हातातलं उलथनं तसंच राहिलं. यजमान वरणाच्या पातेल्यामागे सरकले. ज्यांच्या एका शब्दावर आमचं भोजनालय उभं होतं, त्या बाईंना माझ्या सासूनं दारात अडवलं होतं. मी धावत गेले आणि आत्याबाईंच्या कानाशी म्हटलं, अहो, आज तरी राहू द्या, आज ठरणार आहे.

त्यांनी हात खाली घेतला नाही. आवाजही खाली घेतला नाही.

"हिच्या एका शब्दावर मी माह्यं सारवण धुतलं," त्या म्हणाल्या. "हिले चप्पल काढाले काय होते?"

रेक्टरबाईंनी एकदा आपल्या पायांकडे पाहिलं. मग वाकून त्यांनी चपला काढल्या, दाराबाहेर नीट लावून ठेवल्या आणि डोक्यावर पदर घेतला. आत मात्र आल्याच नाहीत. उंबऱ्याबाहेरूनच मला म्हणाल्या की पुढच्या महिन्यापासून संध्याकाळचं जेवणही तुमच्याकडेच. आत्याबाईंनी ऐकलं, हात बाजूला केला आणि त्यांना आतली पायताणं पुढे सरकवली.