खिडकीकडची खुर्ची

नोकरीतली बहुतेक प्रकरणं निकाली निघाली, तशी कागदांबरोबर माझ्या डोक्यातूनही उतरली. हे एक मात्र उतरलं नाही. त्यात खून नव्हता, दरोडा नव्हता. हरवली होती एक निळी प्लास्टिकची फाईल. तरी आता निवृत्तीनंतर कोणी ‘साहेब, एखादी केस सांगा’ म्हटलं की आधी हीच समोर येते, कारण एका निर्दोष मुलीचं मी माझ्या हाताने वाटोळं करणार होतो.

तेव्हा मी वर्धा जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. सोमवारी संध्याकाळी, हजेरी आटोपून मी टपाल बघत असताना, पंचविशीतली एक मुलगी रडत ठाण्यात आली. मूळची कारंजा घाडग्याची. सिंदी मेघेला एका मैत्रिणीबरोबर भाड्याच्या खोलीत राहून सात वर्षं स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करत होती आणि एका सरकारी खात्यात लिपिक म्हणून नुकतीच निवडली गेली होती. गुरुवारी कागदपत्रांची पडताळणी होती. दुपारी अभ्यासिकेत तिच्या बॅगेतून मूळ प्रमाणपत्रांची फाईल गेली. मोबाइलमध्ये सगळ्या कागदांचे फोटो होते, पण पडताळणीला मूळ प्रत लागते. गुरुवारी कागद नसले तर जागा प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला जाणार.

आम्ही तिचा अर्ज घेतला. आधी अर्जावर चौकशी आणि मग गुन्हा, अशी तेव्हा पद्धत पडली होती. ती बरोबर होती असं मी म्हणणार नाही.

मंगळवारी सकाळी मी आणि माझ्या रायटर, म्हणजे लेखी काम बघणाऱ्या महिला हवालदार अभ्यासिकेत गेलो. एक निवृत्त गुरुजी स्वतःच्या घराच्या माडीवर ती चालवत. एका भिंतीला लागून लांब टेबल आणि खुर्च्या. टेबलाच्या एका टोकाला खिडकी, दुसऱ्या टोकाला दार. समोरच्या भिंतीवर बॅगा ठेवायची फळी, तिच्या शेजारी जुन्या प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे, आणि कोपऱ्यात फळा. फळ्यावर गुरुजींनी खडूने आठवड्याचं कोडं लिहिलेलं होतं: ‘आठ जण एका चौकोनी टेबलाभोवती बसले आहेत. चार जणांची तोंडे मध्याकडे व चार जणांची बाहेर आहेत…’ पुढे कोण कोणाच्या डावीकडे, कोण डॉक्टर, कोणाला आंबा आवडतो, अशा दहा ओळी.

मला हसू आलं. मी म्हटलं, ‘‘गुरुजी, याच्यावर नोकरी लागते?’’

गुरुजी शांतपणे म्हणाले, ‘‘लागते बी साहेब, आन् जाते बी.’’

पोरंपोरी आम्हाला बघून उठली, नमस्कार करून पुन्हा बसली. हवालदारताईंनी पंचनामा केला, घटनास्थळाचा नकाशा काढला, बॅगा तपासल्या. त्या गठ्ठ्यांकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. चोर वस्तू घेऊन जातो, ती तिथेच ठेवत नाही, हे आम्ही धरूनच चाललो होतो.

जबाबांतून एवढं कळलं. दुपारी तीनला सगळे गुरुजींकडे चहाला खाली गेले, तक्रारदार मुलगीही गेली. वर तिघंच उरले. खिडकीकडच्या खुर्चीवर आंजी मोठीची एक मुलगी, कानात बोटं घालून पाठांतर करत होती. दाराकडच्या खुर्चीवर तक्रारदार मुलीची खोलीतली मैत्रीण. आणि दोघींच्या मध्ये एक चष्मेवाला तरुण, मोबाइलवर वेळ लावून सराव पेपर सोडवत होता.

त्याचा जबाब सगळ्यात महत्त्वाचा ठरला. तो म्हणाला, ‘‘सर, माह्या उजवीकडची खुर्ची सरकली. मंग मागं बॅगेची चेन वाजली.’’

‘‘कोण होतं उजवीकडे?’’

‘‘नाई पाहिलं. जागा कोनाच्याच ठरलेल्या नाईत. आन् पेपरले सात मिनिटं उरले होते, मी मान नाई वळवली.’’

पुढे मागे हा पोरगा कलेक्टर व्हायचा, असं मी मनात म्हटलं आणि त्याची सही घेतली. दुसऱ्या दिवशी त्याची नागपूरला परीक्षा होती. मी त्याला जाऊ दिलं. त्याच वेळी ‘खिडकीकडची की दाराकडची?’ एवढं विचारलं असतं तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

त्याच संध्याकाळी अभ्यासिकेखालच्या पानठेल्याच्या मालकाने मला बाजूला घेतलं. कोपऱ्यावरच्या प्रत्येक गोष्टीची खबर ठेवायची त्याला खोड होती आणि आम्हाला तिचा उपयोग होता. सुपारी कातरत तो म्हणाला, ‘‘साहेब, यादीत त्या पोरीच्या मागं कोन आहे ते पाहा ना. काम झालं तुमचं.’’

यादी पाहिली. प्रतीक्षा यादीत पहिलं नाव आंजीच्या मुलीचं होतं. मी नकाशा समोर घेतला. मधल्या खुर्चीच्या उजव्या हाताला कोण? खिडकीकडची खुर्ची, आंजीची मुलगी. हेतू तिचा, संधी तिची, साक्षही तिच्याकडे बोट दाखवणारी. इतकं सरळ प्रकरण वर्षात एखादंच मिळतं. बुधवारी सकाळी मी ठाणे दैनंदिनीत तिचं नाव ‘संशयित’ म्हणून लिहिलं आणि संध्याकाळपर्यंत गुन्हा दाखल करायचं ठरवलं. महिलेचा जबाब तिच्या घरी जाऊन घ्यायचा हा नियम मला पाठ होता. तरी मी ‘भेटून जा’ असा निरोप धाडला. अशा निरोपाला कोणी नाही म्हणत नाही, हेही मला ठाऊक होतं.

ती वडिलांबरोबर आली. वडील मिस्त्री, घरं बांधणारे. हातावर सिमेंटचे पांढरे चट्टे. मुलीला आत घेण्याआधी ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले.

‘‘साहेब, विचाराचं ते विचारा तिले. पन लिहू नका.’’

ज्याच्या घरात सरकारी नोकरीची आशा असते त्याला पोलिसाच्या माराची भीती नसते, पोलिसाच्या कागदाची असते. नोकरी लागताना चारित्र्य पडताळणी होते, आणि एक गुन्हा नावावर असला की माणूस वर्षानुवर्षं कोर्टाच्या तारखा मोजत बसतो. तोवर वयोमर्यादा निघून जाते. आणि मी तर आधीच लिहून बसलो होतो. ‘‘बघू,’’ एवढंच म्हणून मी आत गेलो.

हवालदारताईंना शेजारी बसवून मी विचारपूस सुरू केली. माझा अनुभव असा की खोटं बोलणारा माणूस न विचारलेलं खूप सांगतो. ही मुलगी विचारलं तेवढंच सांगत होती. यादीत नाव आहे? आहे. तिच्याकडे कागद नसले तर जागा तुला मिळणार, माहीत होतं? माहीत होतं. खुर्चीवरून उठलीस? नाही. हे खरं तर तिच्या बाजूने मोजायला हवं होतं. पण मनात एकदा नाव पक्कं झालं की सगळं त्यालाच चिकटतं, आणि मी तिच्या कमी बोलण्याला निगरगट्टपणा ठरवलं.

शेवटी मी वैतागून नकाशा तिच्यापुढे टाकला. ‘‘हे बघ. तो मधे बसला होता. त्याच्या उजवीकडे तू. तुझी खुर्ची सरकली, तो स्वतः सांगतो आहे.’’

तिने कागद हातात घेतला. मला वाटलं, आता रडेल. तिने कागद आधी सरळ धरला, मग उलटा फिरवला, आणि पुन्हा सरळ केला.

‘‘सर, यात खुर्च्या अशा काऊन काढल्या?’’

‘‘जशा होत्या तशा.’’

‘‘अशा नाई राहात. टेबल भितीले लागून आहे ना, आमची तोंडं भितीकडे राह्यतात. काल तुमी आले म्हनून आमी खुर्च्या फिरवल्या होत्या. साहेब लोकायकडे पाठ करून कोन बसते?’’

मी हवालदारताईंकडे पाहिलं. त्या नकाशाकडे बघत होत्या.

मुलगी पुढे म्हणाली, आणि आता तिचा आवाज फळ्यापाशी उभं राहून कोडं सोडवणाऱ्याचा होता, ‘‘आमच्या कोड्यात सर, तोंड कुठं आहे ते पाहिल्याबिगर आमी कोनाले खुर्चीवर बसवत नाई. पहिली ओळ तीच राह्यते. ती चुकली का खालच्या साऱ्या ओळी बरोबर वापरून बी उत्तर उलटं येते.’’

‘‘मग उजवीकडे कोण होतं?’’

‘‘मी कोनाचं नाव नाई घेत,’’ ती म्हणाली. ‘‘तुमी बसवून पाहा.’’

मी वाद घातला नाही. जीप काढली, अभ्यासिकेत गेलो, गुरुजींना सांगून खोली रिकामी केली आणि त्या मधल्या खुर्चीवर भिंतीकडे तोंड करून बसलो. उजवा हात बाजूला केला. हाताच्या दिशेला दार होतं. मी बराच वेळ तसाच बसून होतो, म्हणजे दोनतीन मिनिटं असतील. सकाळी दैनंदिनीत लिहिलेलं ते नाव मला दिसत होतं. कोणीच खोटं बोललं नव्हतं. साक्षीदार खरं बोलला होता, नकाशाही मंगळवारचा म्हणून खराच होता. मी सोमवारची हकीकत मंगळवारच्या खुर्च्यांवर बसवली होती.

दोनच्या सुमारास परीक्षा सुटल्यावर चष्मेवाल्याला फोन लागला. ‘‘दाराकडची सर,’’ तो लगेच म्हणाला. ‘‘काल विचारलं असतं तं सांगितलं असतं.’’

आंजीच्या मुलीला वडिलांबरोबर घरी धाडलं आणि मैत्रिणीला गुरुजींच्या देखत विचारलं. फार विचारावं लागलं नाही. हवालदारताईंनी फक्त म्हटलं, ‘‘बाई, उद्या तिची तारीख आहे.’’ ती मुलगी उठली, जुन्या प्रश्नपत्रिकांच्या तिसऱ्या गठ्ठ्यातून निळी फाईल काढली आणि टेबलावर ठेवली. फाईल त्या खोलीच्या बाहेर कधी गेलीच नव्हती.

‘‘फाडली नाई मी,’’ ती म्हणाली. ‘‘सात वर्सं एका खोलीत राह्यलो आमी. एक पुस्तक दोघीत, एक गादी दोघीत. तिची तारीख निघून गेली असती तं अजून एक वर्स राह्यली असती सोबत, एवढंच आलं डोक्यात. मंग पोलीस आले, आन् मले तोंडच उघडता नाई आलं.’’

‘‘आणि आंजीच्या मुलीवर आलं ते दिसलं नाही तुला?’’

‘‘दिसलं,’’ ती म्हणाली.

हेतू यादीत शोधायचा असतो असं मला वाटलं होतं. यादीत जिचं नाव कुठेच नव्हतं, ती मागे एकटी राहायला घाबरली होती. तक्रारदार मुलगी आली, तिने एकेक प्रमाणपत्र काढून तपासलं, फाईल छातीशी धरली आणि मैत्रिणीकडे न बघता मला म्हणाली, ‘‘सर, कागद भेटले, माही तक्रार नाई असं कुठं लिहाचं?’’ लिहून दिल्यावर, जिना उतरताना, ती मागे वळून मैत्रिणीला म्हणाली, ‘‘चावी माह्याकडे आहे, येजो लवकर.’’ त्या पुढे एकत्र राहिल्या की नाही, ते मला माहीत नाही.

ठाण्यात परत येऊन मी दैनंदिनी उघडली. तिच्यात खाडाखोड करता येत नाही, पान फाडता येत नाही. फक्त खाली नवी नोंद करता येते. मी लिहिलं की नकाशातील खुर्च्यांची दिशा न तपासता मी चुकीचा निष्कर्ष काढला, व सदर मुलीचा घटनेशी संबंध नाही. हवालदारताई म्हणाल्या, ‘‘साहेब, सोताची चूक डायरीत कोन लिहिते?’’ मी म्हटलं, तिचं नाव मी लिहिलं आहे, तर हेही मलाच लिहावं लागेल. त्यानंतर ‘उजवीकडे’ हा शब्द मी कुठल्याही जबाबात एकटा राहू दिला नाही. कोणाच्या उजवीकडे, आणि त्याचं तोंड कुठे होतं, हे विचारायला लागलो. ही सवय पुढे फक्त खुर्च्यांपुरती राहिली नाही. माणूस काही सांगू लागला की तो कुठे बसून सांगतो आहे ते मी आधी पाहू लागलो. आणि आपण आत शिरलो म्हणून समोरच्यांनी खुर्च्या फिरवल्या आहेत का, तेही. पोलीस शिरला की खोली आधीसारखी राहत नाही, ही साधी गोष्ट मला तेवढी वर्षं खाकी घालून कळली नव्हती.

दोन वर्षांनी, माझ्या निवृत्तीला थोडेच महिने उरले असताना, टेबलावर चारित्र्य पडताळणीचा एक अर्ज आला. फोटो बघताच ओळखलं. आंजीची मुलगी दुसऱ्या परीक्षेत निवडली गेली होती. मी तिला बोलावलं नव्हतं, पण चौकशीच्या कामाने ती आलीच होती. तिच्यासमोर मी रकाना भरला, सही केली, शिक्का मारला. मग सांगून टाकलं, ‘‘त्या दिवशी माझं चुकलं. तेव्हाच म्हणायला हवं होतं.’’

ती म्हणाली, ‘‘सर, बाबानं तुमाले हात जोडले होते. ते अजून नाई जात माह्या डोक्यातून. दोन वर्सं झाली, पोलिसाची गाडी दिसली का ते मले विचारतात, काई लिहिलं तं नाई ना. त्यायले एक फोन कराल?’’

तिने नंबर लावून मोबाइल माझ्या हातात दिला. पलीकडे कुठेतरी बांधकामावर फावडं घासल्याचा आवाज येत होता. मी कोण ते सांगितलं. फावडं थांबलं.

‘‘काई लिहिलं का साहेब?’’

‘‘लिहिलं,’’ मी म्हटलं. ‘‘तुमच्या मुलीविरुद्ध काहीही नाही, असं लिहिलं. खाली माझी सही आहे.’’

ते म्हणाले, ‘‘एक बार वाचून दाखवा.’’

मी अर्ज जवळ ओढला, चष्मा लावला आणि त्यांना पहिल्या ओळीपासून वाचून दाखवला.